बाई, तुमचा नंबर

बाई, तुमच्या पुण्यानुमोदनाला मंडपात सगळे दोन-दोन शब्द बोलले. शाळेतल्या बाई बोलल्या. अर्धापूरहून तुमचे धाकटे भाऊ आले होते, ते बोलले. तुम्ही ज्याला पहिलीत बोट धरून लिहायला शिकवलं तो आता टक्कल पडलेला इंजिनिअर, तोही बोलला आणि मधेच रडला. मग माईक धरलेल्या माणसानं सांगितलं, "आता चंद्रकलामावशींचा नंबर."

मी उठले. पदर सावरला. "जयभीम," म्हणाले. "बाई लई चांगल्या होत्या," म्हणाले. आणि खाली बसले.

जन्मभर ज्या बाईचं तोंड बंद झालं नाही तिचं माईकपुढं बंद झालं, म्हणून लोक हळहळले. कुणी पाणी दिलं. कुणी पाठीवर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं दुःखानं बोलवेना. दुःख होतंच, ते कुठं जातंय. पण गप्प बसले ती दुसऱ्याच कारणानं. ते तुम्हालाच सांगायचं राहिलं, तर मंडपाला काय सांगू?

म्हणून लिहून राहिले. तुम्ही म्हणायच्या, "चंद्रकला, तू बोलतेस तसंच लिही. काना-मात्र्याची फिकीर करू नको, ते मी बघते." माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचणं मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले आणि लिहिणं तुमच्या ओट्यावर बसून, तुमच्या लाल पेनाला भीत-भीत. आता लाल पेन नाही. चुका असतील तशा राहतील.

तुम्ही बदली होऊन आमच्या गल्लीत आलात तो दिवस आठवतो का? लातुरात तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. गल्लीच्या तोंडाशी एकच नळ. पहाटेपासून घागरी, हंडे, डबडी, ज्याला जे मिळेल ते रांगेत ठेवायचं, आणि त्या भांड्यानं आपला नंबर धरायचा. माणूस घरी भाकरी थापून राहिलंय आणि त्याची घागर नळावर उभी. तुम्ही इस्त्रीची साडी नेसून, हातात नवी कोरी बादली घेऊन आलात आणि शाळेत विचारावं तसं विचारलंत, "माझी पाळी कितवी?"

अख्खी रांग फिदीफिदी हसली. पलीकडची सखूबाई तर घागरीवर बसली हसून-हसून. मीच म्हणाले, "बाई, पाळी ज्याची त्याला म्हाईत. हितं नंबर असतोय. नंबर म्हणा, न्हाईतर पाणी मिळायचं न्हाई."

तुम्ही लाल झालात, पण हटला नाहीत. "मराठीत क्रम म्हणतात," म्हणालात.

"मग क्रम लावा तुम्ही. आमी नंबर लावतो. बघू कुणाचं भांडं भरतंय."

आपली ओळख अशी भांडणानं झाली. आणि ते भांडण तीस वर्षं पुरलं.

तुमचं म्हणणं असं की, हा एक इंग्रजी शब्द आपल्या घरात शिरला आणि आपल्या सहा-सात शब्दांच्या ताटातलं जेवून बसला. क्रम, रांग, आकडा, माप, गुणवत्ता, ठिकाण, सगळ्यांच्या जागी हा एकटा. माझं म्हणणं, गडी कामाचा हाय मग. सहा माणसांचं काम एकटा करतोय, आणि जेवायला एकालाच वाढायचं.

तुम्ही चिडून बोटं मोजायच्या. चष्म्याचा नंबर, म्हणजे काचेची ताकद. चपलेचा नंबर, म्हणजे पायाचं माप. शेताचा गट नंबर, म्हणजे कुणाची जमीन कुठली. पोरगी नंबरात आली, म्हणजे हुशार. पोराचा नंबर लागला, म्हणजे कॉलेजात घेतलं. भाजी एक नंबर झाली, म्हणजे चवदार. त्याचा धंदा दोन नंबरचा, म्हणजे चोरीचा. "आणि नंबरी माणूस म्हणजे?" तुम्ही विचारायच्या.

"म्हणजे आमचे हे," मी म्हणायचे, आणि आमचे हे डाळमिलमधून आलेले, चहाचा कप हातात घेऊन गप्प ऐकायचे.

"चंद्रकला, अगं एका शब्दाला काहीतरी एक अर्थ हवा ना?"

"का बरं? आता मला बघा. मी कुणाची सून, कुणाची माय, कुणाची मावशी, दुकानदाराची ताई. म्या एकच हाय का न्हाई?"

तुम्ही मोजायची बोटं मिटलीत. मग म्हणालात, "तू शिकली असतीस तर वकील झाली असतीस." ते मला लई दिवस पुरलं, बाई. अजून पुरतंय.

एकदा पैज लावली आपण. रविवार होता. दिवसभरात जी आधी नंबर म्हणेल तिनं दोन्ही घरांना धपाटे करून वाढायचे. सकाळ सरली, दोघी जपून. दुपारी गंजगोलाईत गेलो, तुम्हाला चप्पल घ्यायची होती. दुकानदारानं विचारलं, "कोणता नंबर, मॅडम?"

"पाच."

"पाच नंबर?"

"पाच."

"पाच जोड पाहिजेत का?"

"एकच जोड. माझ्या पावलाचं माप पाच आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वरच्या पंख्याकडं बघितलं. हसू आवरताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी त्या गरिबानं टेप आणून तुमचा पाय मोजला. तिथं तुम्ही निभावून नेलंत. पण घरी येऊन बसतोय तेवढ्यात तुमचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी खताचं दुकान विचारून राहिला होता. तुम्ही झटक्यात म्हणालात, "रॉंग नंबर!" आणि जीभ चावलीत.

त्या संध्याकाळी तुम्ही धपाटे केलेत. जाड, आणि मीठ जास्त. आमचे हे तीन खाऊन म्हणाले, "एक नंबर झाले बाई." तुम्ही उलथनं उगारलंत.

असं हसण्यावारी चाललं होतं सगळं. मला वाटायचं मास्तरीण हाय, मराठीचा अभिमान हाय, म्हणून या शब्दावर राग. खरं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलंत. माझ्या नातीला शाळेत घातलं त्या वर्षी. ती घरी येऊन नाचून राहिली होती, "माझा हजेरी नंबर सतरा! माझा हजेरी नंबर सतरा!" मी कौतुकानं हसले. तुम्ही तांदूळ निवडत होतात. हात थांबला.

तुमच्या लहानपणीची शाळा. गुरुजी पाटलाच्या पोराला नावानं हाक मारायचे, वाण्याच्या पोराला नावानं. तुमच्या वस्तीतली तुम्ही चौघं दाराजवळ बसायची. तुम्हाला नाव नव्हतं. "एकेचाळीस," म्हणायचे. "बेचाळीस." तुम्ही त्रेचाळीस. पाठांतरात पहिल्या आलात तरी त्रेचाळीस. चार वर्षं त्या माणसाच्या तोंडून तुमचं नाव निघालं नाही.

"म्हणून मी पहिल्या दिवसापासून हजेरी नावानं घेते," तुम्ही म्हणालात. "साठ पोरं असली तरी. उशीर झाला तरी. विमल म्हणते, शेख अमीना म्हणते, बालाजी म्हणते. माझ्या वर्गात नंबर नाही."

आणि मला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच होतं. मी म्हणाले, "बाई, तुमचं खरं. पण एक सांगते, राग मानू नका. आमच्या रेणापूरकडच्या गावात आडावर तुमच्या लोकांच्या बाया बाजूला उभ्या राहायच्या. आमच्यातली कुणी ओतील तेव्हा पाणी. सकाळची बाई दुपारपर्यंत उभी. म्या बघितलंय, लहान होते, आईच्या मागं उभी राहून बघितलंय. तिला नंबरच नव्हता. हितं नळावर तुमची बादली दुसरी असली तर दुसरीच. सखूबाईची घागर मागं असली तर ती मागं. नळाला जात म्हाईत न्हाई, नंबर म्हाईत हाय."

तुम्ही तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवलात. "माझी आई अशीच उभी राहायची," म्हणालात. मग म्हणालात, "हे मात्र तुझं बरोबर आहे. रांगेतला नंबर मला मान्य."

तीस वर्षांत तुम्ही मला दिलेली ती एकच कबुली. मी ती नळाच्या पहिल्या पाण्यासारखी जपून ठेवली होती. आणि तुमचा तोच नंबर मी दुसऱ्याला देऊन टाकला, बाई. तुम्हाला न विचारता.

आता सांगते.

तुमचं पोट दुखून राहिलं होतं. तुम्ही म्हणायच्या गॅस आहे. ओव्याचं पाणी, लिंबू-सोडा, सगळं झालं. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी मागं लागले. नांदेडचे एक पोटाचे डॉक्टर महिन्यातल्या एका रविवारी लातुरात येतात, तीस माणसं तपासतात आणि दुपारी परत जातात. त्यांच्याकडं नंबर लावायची रीत अशी की, आठला शटर उघडायच्या आधी जिन्याच्या पायऱ्यांवर चपला ठेवायच्या. एक चप्पल, एक पेशंट. जाणती माणसं घरून जुनी चप्पल पिशवीत घालून नेतात, म्हणजे आपण आपली पायातली घालून चहाला जायला मोकळे. कंपाउंडर आला की वरच्या पायरीपासून मोजत खाली येतो आणि चपलेच्या मालकाला बिल्ला देतो.

मी पाचला गेले. तुमची जुनी चप्पल सहाव्या जागेवर ठेवली. आठला सहा नंबरचा बिल्ला हातात आला. तुमच्याकडं पोरं शिकवणीला यायची होती, तुम्ही म्हणाला होतात, "तू बस, साडेनऊला येते."

नवाच्या सुमाराला एक बाई जिना चढून आली. निलंग्याकडची. पहिल्या एस.टी.नं निघाली होती, गाडी वाटेत पंक्चर झाली. कडेवर सहा-सात वर्षांची पोरगी, तिच्या वयाला कडेवर बसत नसतात, पण तिला चालवत नव्हतं. पोटाशी पाय घेऊन ती नुसती कण्हून राहिली होती. रडायचीही ताकद नव्हती. त्या बाईला चौतिसावा बिल्ला मिळाला. कंपाउंडर म्हणाला, "तिसाच्या पुढं सांगता येत न्हाई, बाई. पुढच्या महिन्याला या."

ती पायरीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. पोरीच्या पोटावर हात ठेवून तिनं समोरच्या भिंतीकडं बघितलं. तेवढंच.

डॉक्टर लवकर आले होते. पाच नंबर आत गेला होता. मी उठले आणि तुमचा बिल्ला तिच्या हातात दिला. तिनं तिचा मला दिला. "सहा!" म्हणून हाक आली आणि ती पोरीला घेऊन आत गेली. किती वेळ लागला असेल? पाणी प्यायला लागतो तेवढा.

माझ्या कमरेला फोन होता, बाई. तुमचं घर दहा मिनिटांवर होतं. मी विचारू शकत होते. "बाई, हितं असं-असं हाय, देऊ का?" तुम्ही हाव म्हणाला असतात. मला पक्कं ठाऊक होतं तुम्ही हाव म्हणाल. पक्कं ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही. कुणाच्या घरातली वस्तू आपलीच समजून उचलावी, तसं. आडावर पाणी ओतणाऱ्या आमच्या बायकाही असंच समजत असतील. आपण चांगलंच करून राहिलोय, मग विचारायचं कशाला?

हे तेव्हा सुचलं नाही. आता सुचून राहिलंय, रोज.

थोड्या वेळानं तुमचा फोन आला. "चंद्रकला, निघू का?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "येऊ नका बाई. डॉक्टर आलेच न्हाईत."

का बोलले? अजून सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही एवढंच म्हणाला असतात, "माझा होता ना? मला विचारायचंस." आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वकील झाले असते म्हणे मी! मनात म्हटलं, महिनाभराचा तर प्रश्न हाय, गॅसच तर हाय. दोन वाजेपर्यंत चौतीस नंबर घेऊन बसले, लागला तर तुम्हाला बोलावून घेईन म्हणून. एकोणतिसावर डॉक्टर उठले.

मग काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्या डॉक्टरला गल्लीभर धुतलंत. सखूबाईच्या दारात, भाजीवाल्यापुढं, शाळेतल्या बायांपुढं. "महिन्यातून एकदा यायचं, तेही जमत नाही! मी अशी दांडी मारली असती तर?" दरवेळी माझ्याकडं बघून म्हणायच्या, "चंद्रकला बिचारी पहाटे पाचला जाऊन बसली होती!" आणि मी मान हलवायचे. बाई, ती मान हलवताना माझ्या मानेवर दगड असायचा.

पुढच्या महिन्यात तुम्ही नांदेडला लेकीकडं गेलात, सुजाताच्या मुलाची परीक्षा होती. मी म्हणाले, आधी दाखवून जा. तुम्ही म्हणालात, "त्या बेशिस्त माणसाची वाट बघत कोण बसणार?" मीच तुमच्या हातात ती सबब दिली होती. परत आलात तेव्हा साडीच्या निऱ्या दोन जास्त पडून राहिल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात गेलो. मी परत पाचला गेले, तिसरा नंबर. आत दोघी गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, चेहरा बदलला, सोनोग्राफीचा कागद लिहायला लागले. आणि तुम्ही, मास्तरीण ती मास्तरीण, म्हणालात, "दोन महिन्यांपूर्वीच दाखवायला येणार होते. पण तुम्ही आला नव्हतात."

डॉक्टरांनी वर बघितलं. "मी? नाही आजी. मी वर्षभरात एकही रविवार चुकवला नाही."

खोलीत पंखा फिरून राहिला होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एकदाच. साठ पोरांच्या वर्गात पाटीमागं कोण चिंचा खातंय हे फळ्याकडं तोंड करून ओळखणारी बाई, तिला माझ्या तोंडावरचं वाचायला काय वेळ लागतो?

मग डॉक्टरांना म्हणालात, "असेल. माझ्याच ऐकण्यात काही आलं असेल."

रिक्षात बसलो. मी वाट बघून राहिले. आता विचारतील, आता विचारतील. गांधी चौक गेला. तुम्ही विचारलंत, "घरी कोथिंबीर आहे का गं?"

"हाय," मी म्हणाले.

तिथं सांगायचं होतं. नाही सांगितलं. आणि तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मला काय समजलात, बाई? झोपून राहिली आणि बहाणा केला? विसरली? का आळस केला? हेच मला खातंय. नंबर दिला त्याचं मला वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू. ती पोरगी आजही समोर आली तर आजही देईन. पण तुम्ही गेलात ते चंद्रकला झोपून राहिली असं समजून गेलात का, हे मला कोण सांगणार?

नांदेडला सुजाताकडं तुम्ही उपचाराला होतात तेव्हा मी तीनदा आले. तिसऱ्या वेळी ठरवूनच आले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, एस.टी.त मनात वाक्य जुळवत होते. तुम्ही गादीवर उशीला टेकून बसला होतात. हात किती बारीक झाले होते. मी म्हणाले, "बाई, त्या रविवारी दवाखान्यात..."

"चंद्रकला," तुम्ही म्हणालात, "आधी केळं खा. भावानं अर्धापूरहून पाठवलंय. सुजाताचं घर केळ्यांनी भरलंय आणि मला एक घास जात नाही. तू खा, मी बघते."

मी खाल्लं. एक खाल्लं, तुम्ही दुसरं सोलून दिलंत. नखांत ताकद नव्हती, तरी तुम्हीच सोललंत. दुसरं संपेपर्यंत तुमचा डोळा लागला होता. मी तासभर बसले आणि शेवटची गाडी धरली. तुम्ही मुद्दाम ऐकलं नाहीत, का खरंच मला केळं खाताना बघायचं होतं? दोन्ही असेल. तुमचं एका गोष्टीचं एकच कारण कधी असायचं?

पुण्यानुमोदनानंतर सुजाता तीन दिवस घर आवरायला थांबली. शेवटच्या दिवशी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. ती तुमच्या साड्यांच्या घड्या घालत होती. ताट तिच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. चपलेपासून कोथिंबिरीपर्यंत.

तिनं घडी घालायची थांबवली नाही. मधे एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"खोटं बोलले ते कळलं होतं. का बोलले ते न्हाई."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"न्हाई."

"दोन महिने, मावशी." तिचा आवाज बारीक झाला. "मी डॉक्टरांना विचारलं होतं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी तेव्हापासून मलाच शिव्या देतेय, पोराच्या परीक्षेला आईला बोलावलं म्हणून."

बाई, हे मला ठाऊकच नव्हतं. माझा दगड एवढे दिवस तिनं पण उचलून धरला होता.

"तुझी चूक न्हाई गं बाळा," मी म्हणाले.

"ते मला आता कळलं," ती म्हणाली. मग आणखी एक साडी उचलून विचारलं, "ती मुलगी? बरी झाली का?"

"म्हाईत न्हाई."

"ते पण विचारलं नाहीस?"

ती बाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती, पळत पळत खाली गेली. नाव नाही, गाव नाही. निलंग्याकडची, एवढंच.

सुजातानं ताटाला हात लावला नाही. झाकून ठेवलं, माझ्या हातात दिलं, कुलूप लावलं आणि बसस्टँडला गेली. पाया पडायची दरवेळी. पडली नाही. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागं गेले आणि परत आले. ती भाकरी संध्याकाळी मीच खाल्ली. टाकवली नाही.

इथपर्यंत लिहून कागद पेटीत ठेवला होता. वाटलं होतं, इथंच संपलं.

आज सकाळी सुजाताचा फोन आला. पंधरा दिवसांनी. मी नात समजून घेतला तर तिचा आवाज.

"मावशी, जेवलीस का?"

"हाव. तू?"

"हो." मागं कुकरची शिट्टी झाली. "मावशी, आईला होतं म्हणून मलाही तपासून घ्यायला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी. इथंच, नांदेडला. ह्यांना सुट्टी नाही. एकटीला भीती वाटतेय."

"म्या येते," मी म्हणाले. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हणाले.

"आदल्या दिवशीच ये. सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा लागतो."

"लावते. तू नीज, म्या जाऊन लावते."

"लाव." मला वाटलं फोन गेला. मग ती म्हणाली, आणि बाई, तो आवाज अगदी तुमचा होता, वही तपासतानाचा. "मावशी, कुणाला द्यावासा वाटला तर दे. पण आधी मला विचार."